ठोंब्याचा डावा कान

ती कमरेपर्यंत बाकाखाली शिरलेली होती आणि तिच्या हातात कुत्र्याचा मागचा पाय होता. नेमका तेव्हा तिने त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"त्याला ओढू नका."

आता बघा, भर रस्त्यात गुडघ्यांना खडे टोचतायत, केसांत जळमटं अडकलीयत, आणि वरून कुणीतरी अगदी निवांत आवाजात असा सल्ला देतंय. माणसाने करावं तरी काय? तिने बाकाखालूनच उत्तर दिलं.

"मग काय करू? आमंत्रणपत्रिका छापू?"

"थोडं थांबा, एवढंच म्हणतोय."

"तुम्हाला असेल वेळ. मला सलून उघडायचंय."

एवढ्यात कुत्र्याने पाय सोडवून घेतला. ती मागे सरकताना तिचं डोकं बाकाच्या फळीवर आदळलं. डोकं चोळत ती बाहेर आली, तर आवाजाचा मालक फुटपाथवर पाय पसरून बसलेला. बाकाकडे पाठ, बाह्या दुमडलेल्या, चेहऱ्यावर सुट्टीच्या दिवसाचा आराम. तो कुत्र्याकडेही बघत नव्हता, तिच्याकडेही नाही. बिस्किटाचे तुकडे करून आपल्या मागे टाकत होता, इतकंच.

"दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची सवय आहे का तुम्हाला?"

"मी कुठे... नाक तोच खुपसतोय," तो म्हणाला.

खरंच की! बाकाखालून एक ओलं, काळं नाक हळूच बाहेर आलं होतं आणि त्या माणसाच्या कोपराचा वास घेत होतं. नाकामागून तपकिरी डोकं आलं, लोंबते कान आले, आणि मग अख्खा ठोंब्या बाहेर येऊन त्या परक्या माणसाच्या पाठीला पाठ टेकवून बसला. ज्या कुत्र्याला खाऊ घालून-घालून तिने म्हातारा केला, तो तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता.

"गद्दार," ती म्हणाली.

"डावा कान दुखतोय त्याचा," तो माणूस म्हणाला. "मान त्या बाजूला झुकवतोय."

"माहितीये मला! त्याच्यासाठीच तर आले. दवाखान्याच्या पायरीवर पट्ट्यातून मान काढून पळाला. आणि आत नवीन डॉक्टर आलेत म्हणे. ते वाट बघत असतील."

"नाही," तो कपडे झटकत उठला. "ते बाहेर फुटपाथवर बसलेत."

तिने कपाळावर हात मारला. कपाळ आधीच दुखत होतं.

जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांची पद्धत सोपी होती. चौघांनी धरायचं, वर चादर टाकायची आणि काम उरकायचं. गेल्या वेळी त्या चादरीतून ठोंब्याने तिच्या मनगटाला दात लावले होते. नव्या डॉक्टरने ती खूण पाहिली, पण काही विचारलं नाही. फुटपाथवरच खाली बसून त्याने ठोंब्याच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"हृदयाचा आवाज बरा नाही," तो म्हणाला. "गुंगीचं औषध देऊन कान साफ करता येईल, पण या वयात तो शेवटचा उपाय. सूज आणि दुखणं कमी व्हायला खाण्यातून गोळ्या देऊ. पण कानात थेंब घालण्याआधी मला आत बघावंच लागेल. पडदा फाटलेला असला तर चुकीच्या औषधाने उलटंच व्हायचं."

"मग बघा ना."

"आज नको."

"का?"

"आज तो तयार नाही."

"अहो, तो कधीच तयार नसतो! आंघोळीला नाही, नखं कापायला नाही, कान तर लांबच. आणि नाहीच बघता आला, तर?"

"तर दुखणं आत उतरेल. बहिरा होईल तो."

हा शब्द तिला नेमका लागला.

त्याचं कारण घरी आरामखुर्चीत बसलेलं होतं. जन्मभर छापखान्यात काम केलेल्या तिच्या बाबांचे कान तिथल्या यंत्रांनी खाल्ले होते. कानात घालायचं यंत्र तिने आणून दिलं होतं. ते "डोक्यात भुंगा सोडल्यासारखं वाटतं" म्हणून कपाटात पडून होतं. त्यावरून बापलेकीत रोज एक भांडण व्हायचं, आणि ते बाबा जिंकायचे, कारण त्यांना ते ऐकूच यायचं नाही. बाबांचे कान म्हणजे ठोंब्या. दाराची घंटा वाजली की हा जाऊन त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवायचा. कुकरची शिट्टी झाली की पंजा. रस्त्यावर मागून गाडी आली की हा थांबायचा, की बाबा थांबायचे. ती दिवसभर सलूनमध्ये उभी असायची ती या एका पंजाच्या भरवशावर.

"काय करायचं ते सांगा," ती म्हणाली.

"रोज संध्याकाळी या. काहीही करायचं नाही. नुसतं यायचं."

नुसतं यायचं! सलूनमध्ये पाय मोडेस्तोवर उभं राहून निघायचं आणि एका बिनकामाच्या डॉक्टरच्या खोलीत जमिनीवर बसायचं. पहिल्या संध्याकाळी ठोंब्या दारातच उभा राहिला, उकडलेल्या अंड्याचे तुकडे खाल्ले आणि निघाला. दुसऱ्या संध्याकाळी उंबरा ओलांडून आला आणि डॉक्टरच्या चपलेवर झोपला.

"छान चाललंय," डॉक्टर म्हणाला.

"झोपलाय तो."

"म्हणूनच."

सलूनमध्ये तिच्याबरोबर तिची वहिनी काम करायची. कात्रीइतकीच तिची जीभही चालायची. "काय वन्सं, कान बघितला का?" ती रोज विचारी.

"नाही."

"मग रोज जाऊन काय बघताय?"

"डोक्याला ताप आहे नुसता. कासवाला लाजवेल इतका हळू माणूस. बोलतानासुद्धा वाक्याच्या मध्ये थांबतो. मला वाटतं झालं, म्हणून मी बोलायला लागते, तर ह्याचं अजून अर्धं बाकीच!"

"डोळे कसे आहेत?"

"कुणाचे? ठोंब्याचे?"

"हो, ठोंब्याचेच विचारतेय मी," वहिनी आरशातल्या गिऱ्हाइकाला डोळा मारत म्हणाली.

आठवडाभराने डॉक्टरने खरा धडा काढला. हात पुढे करायचा, तळवा उघडा ठेवायचा. कुत्रा आपणहून त्यावर हनुवटी टेकवेल. हनुवटी टेकलेली असेल तोवर दुसऱ्या हाताने त्याला स्पर्श करायचा. आधी मान, मग गाल, मग कान. हनुवटी उचलली की थांबायचं. लगेच.

"आणि तो उचलतच राहिला तर?"

"तर आपण थांबतच राहायचं."

"तुम्हाला दुसरी कामं नाहीत का हो?"

"आहेत." तो हसला. तो ओठांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त हसायचा, हे तिने नाइलाजाने टिपून ठेवलं होतं. "आधी माझ्यावर करून बघा. तुमची बोटं फार... कामसू आहेत."

असं म्हणून त्याने खरोखरच आपली हनुवटी तिच्या तळव्यावर टेकवली.

तिने आजवर शेकडो डोकी हातात धरली होती. हट्टी, केसाळ, टकली, कोंडा झालेली. पण हे डोकं हातात आलं आणि तिच्या छातीत काहीतरी उगीचच धडपडलं. बाहेर वाऱ्याने कुठलीशी खिडकी आपटली. त्याचे डोळे मिटलेले होते.

"दाढी वाढलीय," ती म्हणाली. काहीतरी बोलायला हवं होतं.

"हं."

"उजवा कल्ला डाव्याहून लांब आहे. कोण कापतं?"

"मीच."

"दिसतंच आहे."

तिने सवयीने दुसऱ्या हाताने त्याचं डोकं किंचित वळवलं. त्याने हनुवटी उचलली... म्हणजे उचलायला गेला. तिची बोटं त्याच्या जबड्याभोवती घट्ट मिटलेली होती.

"मी उचलली," तो दातांतून म्हणाला.

"कळलं मला."

"मग सोडा."

"कल्ला बघतेय ना!"

"बघा," डॉक्टर गाल चोळत म्हणाला, "ठोंब्याला नेमकं हेच आवडत नाही."

"आणि तुम्हाला?"

प्रश्न तोंडातून निसटला. तो तिच्याकडे बघत राहिला. एक क्षण, दोन क्षण... आता हा काहीतरी बोलणार, असं वाटेपर्यंत बघत राहिला. आणि मग म्हणाला, "ठोंब्याला थोडं पाणी देऊ या."

ती त्या रात्री उशीला दोन गुद्दे मारून झोपली.

पुढे पाऊस लागला. ओलावा आला तसा ठोंब्याचा कान पुन्हा वास मारू लागला. तो रात्रभर मान झाडायचा. खुर्चीच्या पायावर कान आपटल्याचा फट-फट आवाज तिला आतल्या खोलीत ऐकू यायचा. बाबांना अर्थातच नाही. आता दवाखान्यात ठोंब्या तिच्या तळव्यावर हनुवटी टेकवायचा, मान चोळू द्यायचा, गालही चोळू द्यायचा. कानाशी हात गेला की उचलायचा. रोज तिथेच गाडी अडायची.

आणि मग एका सकाळी बाबा घरी आले ते कोपर सोललेलं घेऊन. डावीकडून स्कूटर आली होती. ठोंब्या थांबला नाही, म्हणून बाबाही थांबले नाहीत. स्कूटरवाल्याने वेळेवर वळवली, म्हणून कोपरावर निभावलं.

"काही नाही गं, खरचटलंय," बाबा म्हणाले. "त्याच्या लक्षात आलं नाही. म्हातारा झालाय तो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्कूटरवर, पावसावर, कपाटातल्या त्या यंत्रावर, आणि सगळ्यात जास्त त्या शांत, हळू, 'थांबू या' म्हणणाऱ्या माणसावर. बाबांच्या कोपराला पट्टी बांधून ती जमिनीवर बसली आणि तिने तळवा पुढे केला. ठोंब्या आला. विश्वासाने हनुवटी टेकवली.

आणि तिने पकडलं.

अवखळ पोरांच्या डोक्याला सलूनमध्ये घालायची ती खास पकड घातली. जबडा बोटांत, मान काखेत. दुसऱ्या हाताने ओला कापूस कानात घातला. ठोंब्या असा केकाटला की बाबांनीसुद्धा मान वर केली. तो चावला नाही. त्याने फक्त अंग आक्रसून घेतलं. तिने सोडल्यावर तो सरपटत पलंगाखाली गेला आणि तिथून तिच्याकडे बघत राहिला. कापसावर थोडी घाण आली होती. एवढ्याशा घाणीसाठी!

त्यानंतर तिचा उघडा तळवा दिसला की ठोंब्या खोली सोडून जायचा. ताटली ठेवायला हात पुढे केला तरीही.

संध्याकाळी ती एकटीच दवाखान्यात गेली. छत्री न मिटताच दारात उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मग बोलणी खायला तयार झाली. उत्तरंही तयार होती.

"बाबांना किती लागलंय?" डॉक्टरने विचारलं.

"काय?"

"कोपर. नीट दुमडता येतंय ना? डोक्याला तर मार नाही?"

"ओरडा ना माझ्यावर!" ती म्हणाली. "इतक्या दिवसांची मेहनत मातीत घातली मी. काहीतरी बोला की!"

"ओरडायला तुम्ही स्वतःच पुरेशा आहात," तो हळूच म्हणाला. तिच्या हातातून छत्री घेऊन त्याने ती मिटली. "पुन्हा पहिल्यापासून करू. पण एक सांगतो, आता माझा हात चालणार नाही. पुढे रोज थेंब तुम्हीच घालणार. त्याचा विश्वास तुमच्या हातावर बसायला हवा."

"बसेल?"

तो थांबला. नेहमीसारखा. पण या वेळी तिने मध्ये तोंड घातलं नाही.

"माहीत नाही," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? पण मी येत जाईन. घरी. रोज."

तो खरंच यायचा. संध्याकाळी ओल्या चपला दाराबाहेर काढून बाबांच्या खुर्चीशेजारी बसायचा आणि बाबांशी हातवारे करून गप्पा मारायचा. ती जमिनीवर तळवा उघडा ठेवून बसायची आणि पलंगाखालून दोन डोळे तिच्याकडे बघायचे. कुणी येत नसे. तिचा हात भरून यायचा. पायांना मुंग्या यायच्या. डोक्यात उद्याची गिऱ्हाइकं फिरायची.

"तू गप्प बसलीस तरी तुझे हात ओरडतात," एक दिवस बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"मला कुणाचं काही ऐकू येत नाही, म्हणून मी हात बघतो. तुझी बोटं बघ. आत्ता पकडू, मग पकडू... हेच चाललंय."

तिने बघितलं. बोटं खरंच अर्धी मिटलेली होती, झडप घालायच्या तयारीत. तिने एकेक बोट सैल सोडलं. वाटतं तितकं हे सोपं नसतं. कधी स्वस्थ बसला नसाल तर करून बघा.

त्या दिवशीही ठोंब्या आला नाही. दुसऱ्या दिवशी पलंगाखालून नाक आलं. मग अर्धं डोकं. मग एका संध्याकाळी, ती बाबांच्या लाल मोज्याला पडलेल्या भोकाचा विचार करत असताना, तळव्यावर काहीतरी जड, ऊबदार आणि किंचित ओलसर येऊन टेकलं. तिने श्वाससुद्धा घेतला नाही. समोर डॉक्टर भिंतीला टेकून बसला होता, आणि तो ठोंब्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. किती तरी वेळ. तिच्या गालांना चटके बसले.

'आता तरी बोलेल,' तिने मनात म्हटलं.

"उद्या मानेपासून सुरू करू," डॉक्टर म्हणाला.

"वन्सं," वहिनी दुसऱ्या दिवशी म्हणाली, "त्याला वाचा तरी आहे ना?"

अखेर तो दिवस आला. दवाखान्याची जमीन, त्यावर चटई. एका बाजूला बाबा, मध्ये ठोंब्या, समोर ती. डॉक्टरच्या हातात दिवा लावलेली छोटी नळी. ठोंब्याने हनुवटी तिच्या तळव्यावर टेकवली. डॉक्टरने कान हळूच वर धरला. नळीचं टोक आत जाणार, इतक्यात ठोंब्याने हनुवटी उचलली. डॉक्टरचा हात लगेच मागे गेला.

आता काय होतं, तेवढं ऐका. ठोंब्याचं डोकं तिच्या बोटांपासून वीतभरावर होतं. दोन क्षणांचं काम. धरलं की संपलं. डॉक्टरची नळी तयार, बाबांचं कोपर समोर, आणि तिची बोटं दहा वर्षं हेच करत आलेली. तिच्या मनगटापासून खांद्यापर्यंत सगळं शिवशिवायला लागलं.

तिने बोटं आणखी पसरली. हात जमिनीला टेकेपर्यंत खाली नेला.

ठोंब्याने तिच्या तळव्याकडे बघितलं. मग तिच्या तोंडाकडे. मग एक मोठा सुस्कारा सोडून, घरातला कर्ता माणूस नको असलेलं काम अंगावर घेतो तसा, तो पुढे वाकला आणि त्याने आपल्या डोक्याचा सगळा भार तिच्या हातात टाकला.

नळी आत गेली. पावसाचं पाणी पन्हाळीतून पडत होतं, तेवढाच आवाज.

"पडदा शाबूत आहे," डॉक्टर म्हणाला. "सूज आहे, घाण आहे. पण पडदा शाबूत आहे. आजपासून थेंब घाला. ऐकू येईल त्याला."

तिने ठोंब्याच्या कपाळावर तोंड टेकवलं. डोळ्यांतलं पाणी त्याच्या केसांत पुसलं. त्याने तेही चालवून घेतलं.

बाबांना सगळं हातवाऱ्यांनी सांगावं लागलं. मग त्यांनी नळीकडे बोट दाखवलं. "माझ्याही कानात बघतात का असं?"

"बघतात की! ते यंत्र लावायच्या आधीच बघतात," ती जवळजवळ ओरडली. "किती वर्षं सांगतेय!"

"तू धरून न्यायला बघत होतीस," बाबा म्हणाले. "मला आधी नुसतं जाऊन बसून यायचंय." आणि ठोंब्याला घेऊन ते बाहेरच्या ओसरीत पाऊस बघायला निघून गेले.

खोलीत दोघंच उरली. डॉक्टरने नळी पुसली. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली.

"दिवसातून दोनदा," तो म्हणाला.

"बरं."

"कान कोरडा ठेवा."

"ठेवते."

"आता... तुम्हाला रोज यायची गरज नाही. मलाही."

"एवढंच?"

"पंधरा दिवसांनी दाखवून जा."

तिने बाटली टेबलावर आदळली. "तुम्ही माणूस आहात की कोण आहात हो? रोज संध्याकाळी माझ्याकडे असं बघायचं, आणि तोंड उघडलं की कान, पडदा, पाणी! काय वाट बघताय? मी काय शेपूट हलवायला हवी का?"

त्याचे कान लाल झाले. "मला वाटलं... घाई केली तर तुम्ही पट्ट्यातून मान काढून..."

"मी कुत्रा नाहीये!"

"नाही. म्हणजे, तेच तर. कुत्र्यांचं मला कळतं." त्याने श्वास घेतला. "मला विचारायचं होतं, की उद्या तुम्हाला वेळ असेल तर, नसेल तर काही नाही..."

"पुन्हा."

"काय?"

"'नसेल तर काही नाही' गाळून पुन्हा विचारा."

"माझ्याबरोबर याल? उद्या. आणि परवाही. रोजच." शब्द आता एकावर एक पडत होते. "तुम्ही मला आवडता. चिडता तेव्हा तर फारच आवडता."

"म्हणजे दिवसभर."

"दिवसभर."

तिला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली. पण इतके दिवस ज्याने तिला ताटकळत ठेवलं, त्याला इतक्या स्वस्तात कसं सोडायचं?

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

"हो. अर्थात. घाई नाही."

ती बेसिनपाशी गेली. साबण लावला. एकेक बोट धुतलं. टॉवेल घेऊन एकेक बोट पुसलं. टॉवेलची घडी घातली. ती मनासारखी झाली नाही, म्हणून मोडून पुन्हा घातली. मागे डॉक्टरने या पायावरचा भार त्या पायावर टाकला. खुर्ची सरकवली. घसा साफ केला.

"साधारण... किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही. मनाची तयारी व्हायला हवी ना? जबरदस्तीने केलेलं टिकत नाही."

"बरोबर आहे."

तिने आरशात बघून केस सारखे केले. मग पुन्हा विस्कटून सारखे केले.

"अहो, घाई आहे!" डॉक्टर ओरडला. खरोखर ओरडला. आयुष्यात कधी कुठल्या जनावरावर आवाज न चढवलेला माणूस असा ओरडला, की टेबलावरची वाटी वाजली. "मला घाई आहे! खूप घाई आहे! पहिल्या दिवसापासून आहे! रोज संध्याकाळी मी तुमच्या घरी भिंतीला पाठ लावून बसायचो, ते उगाच नाही, नाहीतर उठून मी... काय हसताय?"

ती बेसिनला धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"ओरडताय काय एवढं," ती म्हणाली. "'हो' तर मी कधीचीच म्हणतेय."